स्पीकर टाकण्याआधी उघडून तरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी रत्नागिरीतल्या तीन दुकानांत मी एक जुना स्पीकर कापडी पिशवीत घालून फिरले. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "केवढ्याला घेतला होतात?" मी सांगितलं, २००७ साली, जोडी ३,४०० रुपयांना. त्यावर तिघांचंही उत्तर सारखं. आता त्यात काही अर्थ नाही, नवीन घ्या. एका ठिकाणी तर पिशवीतून स्पीकर बाहेर काढायचीसुद्धा वेळ आली नाही. "बिघडलंय काय?" असं मात्र एकानेही विचारलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण शक्य तेवढं छापावं ही विनंती.

मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होते. बारावीच्या मुलांना फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकवला जायचा त्या दिवशी मी कपाटातून एक अर्धा कापलेला स्पीकर काढून टेबलावर ठेवायची. मागे गोल चुंबक, त्याच्या खाचेत तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदी कोन, आणि कोनाला कडेने सांभाळणारी मऊ रिंग. कॉइलमधून वीज गेली की ती पुढे-मागे हलते, तिच्याबरोबर कोन हलतो, कोन हवा ढकलतो. राईस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली हा घाट मांडला आणि शंभर वर्षांत त्याच्या मुळाशी फरक पडलेला नाही. लाखाचा स्पीकर असो नाहीतर आमचा साडेतीन हजारांचा, आत तेच असतं. एवढ्या साध्या वस्तूला आतून न बघता कुणी "संपली" म्हणतं, तेव्हा माझा जीव तुटतो.

आमची जोडी दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटावर, दोन टोकांना दोन अशी ठेवलेली. प्रत्येक पेटीत खालच्या सुरांचा पाच इंची वूफर आणि वर, वरच्या सुरांचा छोटा ट्वीटर. मध्ये एक साधा अँप्लिफायर, त्याला रेडिओ आणि मुलाने जोडून दिलेला जुना मोबाइल. ऐकणारे मुख्यतः माझे सासरे, नाना. वय ८८. सकाळी आकाशवाणी रत्नागिरी, दुपारी नाट्यसंगीत, संध्याकाळी पुन्हा बातम्या. त्यांची आरामखुर्ची उजव्या पेटीच्या बाजूला. गेली दोन वर्षं ते म्हणायचे, "हे सगळे हल्ली तोंडात सुपारी धरून बोलतात." आम्ही हसून सोडून द्यायचो. मग आम्हाला वाटायला लागलं की नानांचं ऐकणंच कमी झालंय. त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली, वयाच्या मानाने कान ठीक निघाले. तरी आमचा समज काही गेला नाही. आम्ही आवाज वाढवत राहिलो, आणि ते गप्प बसत गेले. हे लिहिताना मला अपराधी वाटतं आहे, कारण त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

जूनमध्ये डाव्या पेटीतून तबल्याबरोबर फरफर असा आवाज यायला लागला, फाटक्या कागदावर वारा लागावा तसा. तेव्हा कुठे मी जाळी काढून पाहिली. कोनाभोवतीची फोमची रिंग बोटाला लागताच भुगा होऊन खाली आली. काळपट, चिकट, जुन्या खोडरबरासारखा भुगा. हाच स्पीकर मी दुकानांत फिरवला.

कोकणात राहणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. स्वस्त स्पीकरला बहुतेक वेळा पॉलियुरेथेन फोमची रिंग असते. हलकी, मऊ, स्वस्त, आवाजाला चांगली. पण दमट हवेतलं पाणी तिचे रासायनिक बंध हळूहळू तोडत जातं, उन्हाची तिरीप पडत असेल तर आणखी लवकर. दहा-पंधरा वर्षांत ती कुजतेच, स्पीकर वापरा की नुसता ठेवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आमच्या गावात ती सोळा-सतरा वर्षं टिकली हेच पुष्कळ. रबराची रिंग त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. सांगायचा मुद्दा असा की रिंग कुजली म्हणजे स्पीकर मेला असं नव्हे. छत्रीचं कापड विरलं म्हणून काड्या आणि दांडा कुणी टाकून देत नाही, निदान आमच्या लहानपणी तरी देत नसत.

दुकानांतून परत आल्यावर त्याच दुपारी मी दोन्ही पेट्या जेवणाच्या टेबलावर आडव्या घातल्या आणि स्क्रू काढले. वायरी सोडण्याआधी कुठली लाल, कुठली काळी, हे कागदावर लिहून ठेवलं. ही सवय प्रयोगशाळेची. एका पेटीच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खर्जातला आवाज पोकळ होतो. माणसाला कळतही नाही काय बिघडलं ते.

मग मल्टिमीटर, कॉइलचा विजेला होणारा रोध ओहममध्ये मोजायला. पेटीवर आठ ओहम लिहिलं असेल तर कॉइल साधारण सहा ते सात ओहम दाखवते. डाव्या वूफरने ६.६ दाखवले, उजव्याने ६.५. म्हणजे दोन्ही कॉइल शाबूत. मीटर नसेल त्यांनी घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघावा. टक् असा आवाज झाला आणि कोन हलला, तर कॉइल जिवंत आहे. कोन दोन्ही अंगठ्यांनी अलगद, सरळ दाबून पाहिला, कुठेही घासत नव्हता. एवढ्यावर माझा निम्मा निर्णय झाला होता.

खरा धक्का उजव्या पेटीने दिला. तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, नाना सोडून. तिचा ट्वीटर मी कान लावून ऐकला तर जवळजवळ मुका. वाटलं जळला. मीटर लावला तर ५.८ ओहम, अगदी ठणठणीत. मग वाटेत काय अडलं? स्वस्त पेटीत क्रॉसओव्हर म्हणजे बहुधा ट्वीटरच्या वायरीत घातलेला एकच कपॅसिटर. तो खालचे सूर अडवतो आणि वरचे तेवढे ट्वीटरकडे सोडतो. आमच्या पेटीत ४.७ मायक्रोफॅरडचा, आठ ओहमच्या हिशेबाने साधारण चार हजार हर्ट्झच्या वरचं सोडणारा. तो सुटा करून मोजला, ०.६ भरला. आतलं द्रव वाळून गेलेलं. म्हणजे नानांच्या बाजूच्या पेटीतून स, श, च, छ या अक्षरांची धारच येत नव्हती. अशी व्यंजनं ओळखू येतात ती बरीचशी याच वरच्या सुरांमुळे. "तोंडात सुपारी" याहून नेमकं वर्णन मला प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढूनही जमलं नसतं. दहा-पंधरा रुपयांच्या एका भागापायी आम्ही एका माणसाला दोन वर्षं बहिरा ठरवत होतो.

मधल्या काळात मुलाने प्रेमाने एक ब्लूटूथ स्पीकर आणून दिला होता. दिसायला छान, हातात मावणारा. पण तो चार्ज करायचा, चालू केला की इंग्रजीत काहीतरी बोलणार, दुसऱ्या कुणाचा फोन जवळ आला की त्याला जोडला जाणार. नाना सकाळी सहाला उठून एक खटका दाबतात आणि बातम्या लागतात, ही त्यांची बारा-पंधरा वर्षांची सवय. ती मोडली आणि त्यांनी दोन दिवसांत रेडिओ ऐकणं सोडलं. "नवीन घ्या" असं काउंटरवरून सांगायला एक क्षण लागतो, पण घरात नवी वस्तू आली की तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला.

कपॅसिटर आमच्या गावात मिळाला नाही. साधे, अधिक-उणे खूण असलेले मिळत होते, पण स्पीकरच्या वायरीत प्रवाह उलटसुलट वाहतो, तिथे तो तसाच घालून चालत नाही. दहा मायक्रोफॅरडचे दोन घेऊन त्यांची उणे टोकं एकमेकांना जोडली तर बिनखुणेचा पाचचा एक तयार होतो, आणि ४.७ च्या जागी पाच चालून जातो. तात्पुरतं मी तेवढं केलं. उजवी पेटी बंद करून नानांच्या बाजूला ठेवली, रेडिओ लावला. ते काही बोलले नाहीत. बातम्या संपेपर्यंत खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

लेक डोंबिवलीला असते. तिच्याकडे जायचंच होतं, तेव्हा एक दिवस लॅमिंग्टन रोडसाठी काढला. नकाशावर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाला जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथल्या एका अरुंद दुकानात फोमच्या रिंगा मापाप्रमाणे दोऱ्यात ओवून टांगलेल्या होत्या, बांगड्यांसारख्या. मी कोनाचा व्यास, सांगाड्याचा आतला-बाहेरचा व्यास असं सगळं मिलिमीटरमध्ये लिहून नेलं होतं. दुकानदारांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मावशी, माप लिहून आणणारं गिऱ्हाईक महिन्यात एखादंच येतं." मी रबराची रिंग मागितली होती, टिकाऊ म्हणून. त्यांनीच समजावलं की या कोनाला रबर जड आणि ताठ पडेल, खर्ज बदलेल, मूळ फोमची होती तर फोमचीच लावा. आणखी एक गोष्ट सांगितली, ती सोन्यासारखी निघाली. रबराचं सोल्युशन वापरू नका, ते लगेच धरतं आणि रिंग वाकडी बसली तर सरकवता येत नाही. पाण्याचा पांढरा गोंद घ्या, तो सवड देतो.

रिंगांच्या दोन जोड्या घेतल्या, जोडी १८० रुपये. फिल्मचे कपॅसिटर दोन, प्रत्येकी ४५. हे वाळत नाहीत, कारण आत वाळायला द्रवच नसतं. डाव्या पेटीतला कपॅसिटर अजून चालू होता आणि उजव्या पेटीची रिंग अजून तुटली नव्हती, तरी दोन्हीकडे दोन्ही बदलायचं ठरवलं. जोडीतला एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाणारा मधोमध उभा राहत नाही, एका बाजूला सरकतो.

या कामात कौशल्यापेक्षा चिकाटी लागते. जुना भुगा आणि वाळलेला गोंद आइस्क्रीमच्या काडीने आणि स्पिरिटच्या बोळ्याने काढण्यात दोन दुपारी गेल्या. कोन कागदाचा, बोळा ओला झाला तर तो लगदा होईल, म्हणून नुसता दमट ठेवायचा. सांगाड्याच्या कडेचा गोंद जास्त हट्टी. नखं काळी झाली. मग रिंग आधी कोनाला लावायची, ती पूर्ण वाळू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी सांगाड्याला. तेव्हाच खरी कसोटी. गोंद ओला आहे तोवर कोन दोन अंगठ्यांनी वरखाली करत कान जवळ न्यायचा. खर्र असं किंचितही ऐकू आलं, तर कॉइल खाचेत तिरकी आहे. रिंग केसभर सरकवायची, पुन्हा ऐकायचं. उजवी पहिल्याच प्रयत्नात बसली. डावीला मला तीन वेळा सरकवावं लागलं. बाहेर पाऊस, गोंद वाळेना. शेवटी पापड-सांडगे वाळवतो तसा चाळीसचा बल्ब हातभर अंतरावर लावून दोन रात्री ठेवली.

सगळा खर्च मांडते, कारण शेवटी प्रश्न पैशांवरच येतो. वापरलेली रिंगांची जोडी १८०, कपॅसिटर ९०, गोंद ३०, स्पिरिट आणि कापूस मिळून ५०. एकूण ३५० रुपये. माझे तास साधारण सात. मुंबईचा प्रवास मी यात धरलेला नाही, कारण लेकीकडे मी गेलेच असते. पण कुणी फक्त यासाठी रत्नागिरीहून जाणार असेल तर हिशेब पार बदलतो, हेही कबूल. तशाच प्रकारची नवी जोडी त्या तीन दुकानांपैकी एकाने साडेसात हजारांना सांगितली होती.

आता दुकानदारांची बाजू. ती न लिहिणं अन्यायाचं होईल. रिंग लावून झाल्यावर मी त्यांतल्या एका दुकानात पुन्हा गेले, भांडायला नव्हे, दाखवायला. मागच्या खोलीत त्यांचा कारागीर पंधरा इंची, अठरा इंची स्पीकरचे कोन बदलत बसला होता. गणपतीच्या आणि शिमग्याच्या आधी मंडळांचे, मंडपवाल्यांचे स्पीकर तिथे रांगेने येतात. त्याने माझी डावी पेटी हातात घेतली, रिंगेची कड बघितली आणि म्हणाला, "काकू, काम स्वच्छ आहे. पण मला सांगा, मी याचे किती घेऊ? मोठ्या स्पीकरला दीड हजार देतात. याला हात तेवढाच लागतो, आणि तीनशे म्हटलं तरी माणूस म्हणतो, ‘एवढ्यात नवीन येईल.’" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. त्याच्याकडे कौशल्य आहे, माझ्यापेक्षा किती तरी जास्त. स्वस्त वस्तूच्या दुरुस्तीची मजुरी वस्तू स्वस्त म्हणून कमी होत नाही, गाठ तिथे बसलेली आहे. म्हणून तो "नवीन घ्या" म्हणतो तेव्हा तो फसवत नसतो, स्वतःचा दिवस वाचवत असतो. माझी तक्रार एवढीच की हेच त्याने मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. "दुरुस्त होईल, पण मला परवडणार नाही" आणि "दुरुस्त होणार नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं ऐकलेला माणूस घरी जाऊन स्क्रू ड्रायव्हर शोधतो, दुसरं ऐकलेला भंगारवाल्याला हाक मारतो.

प्रत्येक स्पीकर वाचवावा असं मी अजिबात म्हणत नाही. आमची पेटी बोलायला लागल्याचं ऐकून शेजारच्या वहिनी त्यांची जोडी घेऊन आल्या. त्यात अँप्लिफायर आतच बसवलेला, थेट भिंतीतल्या प्लगला लावायची. मागे मोठ्या अक्षरांत "१२०० वॅट पी.एम.पी.ओ." लिहिलेलं. या आकड्याला काहीही अर्थ नसतो, तेवढ्या पेटीतून प्रत्यक्षात दहा-पंधरा वॅट मिळाले तरी पुष्कळ. मागच्या पावसाळ्यात छत गळून पाणी त्यांच्या कपाटावर पडलं होतं. पेटी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची, खालची कड फुगून पापुद्रे सुटलेले. एमडीएफ एकदा फुगलं की परत बसत नाही, स्क्रू धरत नाही, पेटीतून हवा गळते. आतल्या बोर्डावरची आयसी, म्हणजे अँप्लिफायरची चिप, जळलेली, आणि तिच्यावरचा नंबर कारखान्यातच खरवडून टाकलेला, म्हणजे तशी दुसरी शोधायची सोयही ठेवलेली नाही. मी त्यांना सांगितलं, वहिनी, यावर पैसे घालू नका. त्यातले दोन चांगले वूफर काढून ठेवले, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. वूफरची कॉइल जळलेली असेल तेव्हाही स्वस्त स्पीकरला नवा कोन चढवण्यापेक्षा त्याच मापाचा आणि ओहमचा अख्खा वूफर घालणं बरं पडतं. आणि एक कळकळीची सूचना. विजेच्या प्लगला थेट लागणारी पेटी ज्याला त्यातलं कळत नाही त्याने उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असू शकते. आमच्यासारख्या, नुसत्या दोन वायरींच्या पेटीत तो धोका नाही.

तेव्हा मी आधी पेटी बघते, मग कॉइल, आणि मग बिघडलेला भाग बाजारात मिळतो का ते. किंमत त्यानंतर. दुकानात हा क्रम उलटा झाला आहे.

कंपन्यांनी एवढं तरी करावं. पेटीच्या मागे ते वॅटचे खोटे आकडे छापण्याऐवजी वूफरचं माप, ओहम, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आणि रिंग फोमची की रबराची, हे चार शब्द छापावेत. खर्च शून्य. आयसीवरचा नंबर खरवडू नये. पेटी गोंदाने बंद न करता स्क्रूने करावी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतली आहेत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि उत्पादकावर त्यात पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकलेली आहे. हे सगळं मी आनंदाने वाचलं. पण पुनर्चक्रीकरण म्हणजे वस्तू मेल्यानंतरची सोय. आमच्या पेटीतलं चुंबक, तांबं, लाकूड, कागद, सगळं चांगलं होतं, कुजली होती ती फक्त एक रिंग. त्या रिंगेसाठी साडेतीनशे किलोमीटर जावं लागू नये, अशी तरतूद कुठल्याही नियमात मला सापडली नाही.

एक प्रस्ताव आमच्या गावातल्या महाविद्यालयांसाठी. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा शनिवारी दुपारी कुलूपबंद असतात. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, दिवे, टेबलं, सगळं तिथे आहे. महिन्यातून एका शनिवारी त्या उघडल्या, लोकांनी आपापले बिघडलेले स्पीकर, रेडिओ, मिक्सर आणले, आणि मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली निदान काय बिघडलंय एवढं शोधून सांगितलं, तरी पुष्कळ काम होईल. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी असाच उपक्रम सुरू केला, आज तो कितीतरी देशांत चालतो, आपल्याकडे बंगळुरूतही झाला. आयटीआयच्या मुलांनाही बोलवावं. दुरुस्ती मग कारागिराकडेच करावी आणि त्याला त्याची पूर्ण मजुरी द्यावी. त्याचा निदानाचा वेळ वाचला तर त्यालाही ती परवडेल. मी दर वेळी यायला तयार आहे, मानधन नको.

आणि संपादक महोदय, एक मागणं आपल्याकडे. दसरा-दिवाळीत आपल्या अंकात "जुने द्या, नवीन घ्या" अशा पानभर जाहिराती येतात. त्या येऊ देत, वर्तमानपत्र त्यावर चालतं हे मला कळतं. पण आठवड्यातून एकदा पाव रकाना दुरुस्तीला द्या. कुठला भाग कुठे मिळतो, कुठल्या गावात कोण काय दुरुस्त करतं, काय वाचवावं आणि काय सोडून द्यावं. माझ्यासारखे निवृत्त लोक गावोगावी आहेत, ते आनंदाने लिहितील.

रिंगांची दुसरी जोडी माझ्याकडे उरली आहे. पाच इंची वूफरच्या, फोमच्या. पाऊस त्यांनाही सोडणार नाही, म्हणून त्या पडून राहण्यापेक्षा कुणीतरी लवकर लावलेल्या बऱ्या. ज्यांना हव्या असतील त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. पैसे नकोत. फक्त येताना पेटी बरोबर आणावी, आधी मीटर लावून बघू.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, रत्नागिरी